कोयता कोणी काढला?

प्रज्ञा डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे. आधी हात बघायची, मग मांड्या, मग पाय. आमच्या गावच्या एका लग्नात तिला पंगतीला बसवलं होतं. वाढपी वरणाची बादली घेऊन वाकला तर हिनं त्याचं मनगटच धरलं. "हे कशानं कापलं? कोयत्यानं? टाके कोणी घातले? पोतं शिवल्यासारखे घातलेत." तो तसाच वाकलेला, वरण ताटाबाहेर चाललेलं, पंगत हसायला लागली. ती हसली नाही. जेवण होईपर्यंत त्याला सुनावत राहिली.

उंचीनं माझ्या खांद्याखाली. जाड काचांचा चष्मा. चिडली की तो काढून हातात घ्यायची, म्हणजे समोरच्यानं समजायचं की आता आपलं काही खरं नाही. वय पंचविशीच्या आत, पण चालणं फौजदारासारखं. आणि उजवा हात मनगटाच्या वर थोडा वाकडा. तळहात पूर्ण उताणा होत नसे. प्रसाद घ्यायची वेळ आली तर डावा पुढे करायची.

तो हात मी मोडला.

हे आधीच सांगतो. उशिरा सांगितलं तर वाचणारा म्हणेल, म्हाताऱ्यानं लपवून ठेवलं होतं. मी तिसरी शिकलेला माणूस. हे लिहिलेलं कुणाला तपासायला दिलेलं नाही, देणारही नाही.

आमचं गाव पहूरपासून जवळ. केळी आणि कापूस. माझा धाकटा भाऊ सुपडू माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, मी त्याला खांद्यावर घेऊन वाढवलेला. बांधाला लागून ज्याचं शेत, त्याच्याशी आमचं पाइपावरून वाजलेलं होतं. त्या दिवशी आमच्या केळीची कटाई चाललेली. तो आला, शिव्या झाल्या, सुपडू पुढे गेला, आणि त्यानं कोयता घातला. मांडीत, वरच्या अंगाला. कोयता हाडापर्यंत जाऊन तिथंच अडकला. मूठ बाहेर. त्या मुठीला पितळी कडं होतं, अख्खं गाव ओळखायचं की हा कोयता कुणाचा.

आता आमच्या घराची रीत सांगतो, बाहेरच्याला ती कळायची नाही. दुश्मनाचं हत्यार आपल्या माणसाच्या अंगात राहू द्यायचं नाही. ते तसंच घेऊन माणूस गावातून नेला तर घराची मान खाली गेली. माझ्या बापानं त्याच्या भावाच्या पाठीतली कुऱ्हाड अशीच चारचौघांत उपसली होती, आणि काका त्यातून जगला. काका जगला म्हणून ते बरोबर ठरलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो, माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं.

मी सुपडूच्या मांडीवर पाय दिला आणि कोयता उपसला. वर धरला. मजूर, बाया, बांधापलीकडचे लोक, सगळ्यांना दाखवला. तेवढ्या वेळात मागं काय झालं ते मी बघितलंच नाही. वळलो तर ठिबकची मोठी नळी फुटल्यावर पाणी कसं उडतं, तसं रक्त उडत होतं. केळीच्या पानांवर त्याचा टपटप आवाज येत होता.

जीपमध्ये घातला. जळगावपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर. कुणी धोतर गुंडाळलं, कुणी हळद कोंबली. जीपच्या पत्र्यावर रक्त इकडून तिकडे वाहत होतं, वळणावर माझे पाय घसरत होते.

मोठ्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. एक बुटकी पोरगी धावत आली, हात लावून बघितलं आणि सरळ स्ट्रेचरवर चढली. माझ्या भावाच्या जांघेत गुडघा रोवला, सगळा भार टाकला आणि ओरडली, "ढकला! मी खाली उतरणार नाही, ढकला!" तशीच त्याच्यावर बसून आत गेली. मला ते बघवलं नाही. मरणाच्या दारात माझा भाऊ आणि त्याच्यावर गुडघा देऊन ही पोरगी. मला वाटलं, मारते की काय त्याला.

थोड्या वेळानं बाहेर आली. कोपरापर्यंत लाल. म्हणाली, "गेले." मग हातात कागद घेतला आणि विचारलं, "कोयता कोणी काढला?"

तिला कागदावर लिहायचं होतं. आज मला कळतं. तेव्हा मला वाटलं, ही माझ्याकडे बोट करते. शेजारी सलाइनचा लोखंडी स्टँड होता. तो उचलला आणि तिच्या डोक्यावर घातला. तिनं हात आडवा केला. हाडाचा आवाज मी ऐकला. केळीचा घड दांड्यापासून तोडताना येतो तसा. दुसरा फटका खांद्यावर. माझ्यामागच्या पोरांनी काचा फोडल्या, बाकडी उलटी केली, एका ब्रदरला भिंतीला धरून मारलं. आणि ती? ती खाली बसायला पाहिजे होती. तिनं डाव्या हातानं माझी बंडी गळ्यापाशी पकडली, स्वतःकडे ओढली आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "मारा. पण सांगा. कोणी काढला?"

तिचे दात वाजत होते. बंडी मात्र सोडली नाही. पोलिसांनी सोडवली.

मी अठरा दिवस आत होतो. ज्यानं कोयता घातला तोही आतच होता, दुसऱ्या कोठडीत. जामिनावर सुटून आलो आणि गावाला सांगितलं, डॉक्टरणीनं मारला. गावानं ऐकलं. ज्यांनी मला कोयता उपसताना बघितलं होतं त्यांनीही मान हलवली. सुपडूची बायको कमल, तिनंही तेच धरलं. तिला दुसरं काही सांगायची कुणाची छाती झाली नाही.

सहा-सात महिन्यांनी मी शेतात कटाईवर उभा होतो. बांधावरून तीन पोरं आली. पुढं ती. मागं दोन, त्यातला एक उंच, काळाभोर, परदेशातला. माझ्या हातात कोयता होता. तिनं तो बघितला, पण पाऊल थांबलं नाही.

मी म्हटलं, "केस मागं घ्यायले आली का?"

"केस केसच्या जागी," ती म्हणाली. "ती मी मागं घेणार नाही. मला खांब पाहिजेत."

"कसले खांब?"

"केळीचे. घड उतरवल्यावर तुम्ही आडवे करून टाकता ते. ताजे."

"निघ इथून."

ती निघाली नाही. वाफ्यात गेली, पडलेला एक खांब डाव्या हातानं ओढायला लागली. केळीचा खांब म्हणजे पाण्यानं भरलेला, दोघांना उचलत नाही. ती परदेशी पोराला मदतीला घेत नव्हती. माझ्या देखत ओढत बांधापर्यंत नेला, तिथं पडली, उठली, परत ओढला. बाया काम सोडून बघत राहिल्या. मी कटाईकडे वळलो.

आठ दिवसांनी परत आली. तेव्हाही मी कटाई करत राहिलो. तिसऱ्या वेळी मात्र माझ्यानं राहवलं नाही. ती खोडव्यातला, जुन्या गड्ड्यावर परत आलेल्या पिकातला, पोचट खांब घेऊन चाललेली. म्हटलं, "तो नको घेऊ. आतून सडेल आहे. केळीतलं कळत नाही तर हात कशाले लावते?" आणि मी तिला दोन चांगले काढून दिले. माझ्या केळीचं वाईट नाव बाहेर जायला नको, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या खांबांचं ती काय करायची ते मी बांधावर बसून बघितलं. बाहेरची सोपटं काढली की खांब माणसाच्या मांडीएवढा होतो. आत कोरून त्यात सलाइनची नळी घालायची, नळीला लाल पाण्याची बाटली. मग ती कोयता मागून घ्यायची आणि डाव्या हातानं असा घाव घालायची की बघणारा मागं सरायचा. मनापासून घालायची. तो परदेशी पोरगा बाटली दाबायचा आणि लाल पाणी उडायचं, खरोखर तसंच उडायचं. पहिल्या वेळी मी तोंड फिरवलं.

"दाब!" ती ओरडायची. मजुरीच्या बाया पुढं यायच्या, पदर तोंडात धरून. "काय बघते? पदर काढ, कोंब आत! स्वच्छ आहे का विचारू नको, कोंब! आता गुडघा. सगळं वजन. घाबर, काय घाबरायचं तेवढं घाबर, पण हात काढू नको." कुणी हात काढला की मनगटावर फाडकन चापट बसायची. सरपंचाच्या बायकोलाही बसली. आणि घावात कोयता अडकलेला असला तर? एखादी उपसायला जायचीच. तेव्हा प्रज्ञा चष्मा काढायची. "मारलास. हा मेला. जा, याच्या बायकोला सांगून ये."

ती तीन पोरं मिळून एक संस्था काढत होती. 'पहिली दहा मिनिटं' असं नाव. तो परदेशी पोरगा जोसेफ टांझानियाचा. धुळ्याच्या पुढं, आग्रा रस्त्यावरच्या कॉलेजात औषधांचं शिकायला आलेला. त्याची आई तिकडे एका लहान दवाखान्यात नर्स. डॉक्टर तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिकडेही सगळीकडे केळी. कापायला लांब पात्याचं हत्यार, त्याला पंगा म्हणतात. बांधावरची भांडणं तिकडेही होतात आणि मांडीतला पंगा लोक तिकडेही उपसतात. जळगावच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून आला असताना त्यानं हे प्रज्ञाला सांगितलं होतं. तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. तिथून हे सगळं सुरू झालं. तिकडच्या नर्सा, मोटारसायकलवरून माणसं नेणारे ड्रायव्हर, बागेतले मजूर यांना शिकवायचं, आणि मग त्यांनी पुढच्यांना शिकवायचं. खांब तिथं फुकट, नळी स्वस्त.

तिसरा तुषार, जळगावचा, सभ्य घरातला. त्यानं लॅपटॉपवर सुंदर रंगीत चित्रं करून आणलेली. ती म्हणाली, "तिकडं लाइट नसली तर?" तो म्हणाला, "बॅटरी आहे ना." तिनं लॅपटॉप त्याच्या बोटांवर मिटला. पोरगा कळवळला. "आता बॅटरी चालव," ती म्हणाली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिच्यावर चिडून गेलेली माणसं अशी परत यायची. का, ते मला सांगता येणार नाही. मीही त्यातलाच.

गावात चावडीवर लोक टोचायचे. "आपल्या गावात डॉक्टर नाही आन् ही चालली आफ्रिकेत." एकदा तिच्या तोंडावर कुणी बोललं. ती म्हणाली, "म्हणून तर आधी तुमच्याकडे आले. तुम्हाला शिकवता आलं तर जगात कुणालाही येईल." लोक हसले. त्यातले निम्मे दुसऱ्या दिवशी बांधावर होते.

जोसेफचं आणि माझं पटायचं. तो म्हणायचा, "आबा, आम्ही केळी हिरवी शिजवतो. मीठ टाकून, मांस टाकून." मी म्हणायचो, "केळी शिजवतात? रोगट झाली की गुरांना घालतो आम्ही." तो म्हणायचा, "मग तुमची गुरं नशीबवान." एक दिवस त्यानं आमच्या चुलीवर करून दाखवली. वाईट नव्हती. मी तसं त्याला सांगितलं नाही.

त्याच दिवशी त्यानं मला सांगितलं, "आबा, ती सर्जन होणार होती." मी सरळ जाऊन तिला विचारलं, "खरं का?" ती नळी धूत होती. म्हणाली, "हो. आता चिमटा धरला की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात. कोर्टाच्या कागदात आहे सगळं, वाचा." एवढंच. माफी मागायला मी तोंड उघडलं असतं तर तिनं ते बंद केलं असतं, असं तिचं तोंड होतं.

आणखी एक लिहायचं राहतं. ती जामनेरच्या बौद्ध वस्तीतली, बाप एसटीत मेकॅनिक. पहिल्यांदा मी तिला पाणी दिलं ते मजुरांच्या वेगळ्या लोट्यातून. तिनं लोट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाणी मातीत ओतलं आणि लोटा माझ्या पायाशी असा आपटला की त्याला पोचा आला. मग आपल्या बाटलीतलं प्यायली. पुढच्या खेपेला कमलनं घरातला पितळी तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला. मी घरात होतो. मला विचारलं नव्हतं.

म्हणजे कमल तिच्याशी बोलायला लागली होती. जिच्यावर नवरा मारल्याचा आळ मी घातला, तिलाच ती भाकरी वाढायची. एकदा मी ओसरीवरून ऐकलं. कमल म्हणत होती, "तुम्ही लय जीव लावला असेल, पण तुमच्यानं झालं नाही. मी काही धरून बसेल नाही." प्रज्ञाला एका वाक्यात सुटता आलं असतं. सुटली नाही.

मला मात्र सोडत नव्हती. म्हणायची, "आबा, मी सांगते ते लोकांना पटतं तोंडापुरतं. घरी गेले की बापानं सांगितलेलं खरं. ज्यानं स्वतः काढला त्यानं सांगितलं तर पटेल. तुम्ही सांगा. फोनमध्ये घेते, तिकडे दाखवते."

"मी काही सांगणार नाही. तुमच्या दवाखान्यात मेला तो."

"बरं."

वाद घालायची नाही. पण निघताना, चपला घालता घालता, जेवलात का विचारावं तसं विचारायची, "आबा, कोयता कोणी काढला?" मी कापसाकडे बघत बसायचो. ती जायची. असं वर्षभर चाललं. ती हट्टी आणि मीही हट्टी. आमच्या दोघांच्या मध्ये कमल, तिला यातलं काही माहीत नाही.

मग जोसेफच्या कॉलेजात संस्थेचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. खांब माझ्या शेतातले. मी म्हटलं, भरणार मीच, दुसऱ्यानं भरले तर वाटेत सोलून निघतील. ओलं बारदान घालून पिकअपमध्ये रचले, मी आणि प्रज्ञा पुढं बसलो. धुळं मागं टाकलं, दुपारी सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि पुढं गर्दी दिसली.

ट्रॅक्टरची ट्रॉली, त्यात लोखंडी सळया, मागं दोन-अडीच हात बाहेर आलेल्या. मोटारसायकल मागून घुसलेली. एक सळई पोराच्या मांडीतून आरपार. तो ट्रॉलीला टांगल्यासारखा, शुद्धीवर, आईला हाका मारत. दोन माणसांनी त्याला काखेत धरलेलं. ते त्याला मागं ओढणार होते.

पिकअप थांबायच्या आधी ती उतरली. "ओढू नका! हात काढा!" कोण ऐकतो? एक जाडजूड गडी म्हणाला, "ए बाई, दूर व्हय! मरी जाई तो!" तिनं त्याच्या पोटात डोकं घातलं. तो मागं सरला, त्यानं तिला ढकलली. ती डांबरावर पडली, वाकड्या हातावर. ओरडली नाही, पण तिचं तोंड पांढरं पडलं. त्या गड्यानं परत पोराच्या काखेत हात घातले. "धरा रे बठ्ठा, सगळे धरा! ओढा!"

मी त्याचा गळा धरला. दोन्ही हातांनी. माझं वय सत्तरच्या पुढं, पण केळीचे घड वाहिलेले हात आहेत. त्याला ट्रॉलीवर दाबला आणि माझ्या तोंडातून निघालं, "नको ओढू! मी ओढला होता! माझ्या भावाचा कोयता मी ओढला! मी मारला त्याले! मी!"

मी किती वेळा ते बोललो मला माहीत नाही. लोक मागं सरले होते. त्या गड्याचे डोळे बाहेर आलेले. प्रज्ञा उठून माझ्या कानाशी म्हणाली, "आबा, सोडा आता. हा पण मरेल."

पुढचं तिनं केलं. शेजारच्या गॅरेजातून करवत आणवली, सळई बाहेरून कापली, आत तशीच ठेवली. ती हलू नये म्हणून माझे खांब तोडून दोन्ही बाजूंनी लावले, बारदानानं आवळले. "जित्ता शे, जिवंत शे!" असं कुणी ओरडत होतं. धुळ्याच्या दवाखान्यापर्यंत ती पिकअपमध्ये गुडघे टेकून त्याच्यावर, मी तिचा दंड धरून, गाडी हलली तर ती पडू नये म्हणून. तो पोरगा वाचला. लंगडतो, पण चालतो.

दवाखान्याच्या नळावर हात धुताना मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. मीच म्हटलं, "रस्त्यावर बोललो ते रस्त्यावर राहिलं."

ती म्हणाली, "मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आबा. तुम्ही काढला हे तुमच्या हातावरच्या रक्तावरून दिसत होतं. मला सांगून काय उपयोग? ज्या बाईला माहीत नाही, ती घरी भाकरी करून तुमची वाट बघतेय."

त्यानंतर आठ दिवस मी जेवलो नाही नीट. नवव्या दिवशी प्रज्ञाला फोन केला आणि म्हटलं, "ये. तुझा तो फोन घेऊन ये."

अंगणात खाट टाकली. प्रज्ञानं फोन तिवईवर बांधला. जोसेफ शेजारी. मी कमलला बोलावलं. ती दाराच्या चौकटीशी बसली, पदर डोळ्यांपर्यंत. मी तिचा थोरला दीर, तीस वर्षांत तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलेलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. पाइप, भांडण, पितळी कडं, माझा बाप, काका. मांडीवर पाय दिला ते. वर धरून दाखवला ते. इथंपर्यंत मी ठरवलेलं होतं. मी थांबलो.

कमलनं विचारलं, "भाऊ, तेव्हा त्यायनं काही म्हटलं होतं का?"

याची तयारी माझी नव्हती. हे मी पोलिसांना, वकिलाला, देवालाही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "हो. म्हटलं होतं. 'राहू दे दादा, राहू दे तसाच, दवाखान्यात काढतीन.' दोनदा म्हटलं. मी ऐकलं नाही. लोक बघत होते."

कमल उठली. माझ्यासमोर आली. पदर मागं पडलेला. तिनं मला तोंडात मारली. उघड्या हातानं. मग दुसऱ्या हातानं. मग दोन्ही हातांनी, जमेल तिथं, गालावर, कानावर, डोक्यावर. माझी टोपी पडली, ओठ फुटला, रक्त बंडीवर आलं. तिचा श्वास ऐकू येत होता. जोसेफ पुढं झाला तर प्रज्ञानं त्याला दंडाला धरून मागं ओढला. मी हात वर केला नाही. ती थकेपर्यंत मारत राहिली आणि मग जिथं होती तिथं मातीत बसली.

प्रज्ञा तिच्याजवळ गेली, उकिडवी बसली. म्हणाली, "अक्का, शेवटचं काढून टाकते मी यातून. नाही दाखवणार कुणाला."

कमल म्हणाली, "राहू द्या. त्यांना बी बघू द्या."

त्यानंतर कमल माझ्याशी बोललेली नाही. एकाच अंगणात राहतो, तिची चूल वेगळी. कोर्टात तारीख चालूच आहे. वकील म्हणतो, मारलं नाही म्हणा, साक्षीदार फुटलेत. मी त्याला सांगितलं, मारलं म्हणणार. प्रज्ञाची साक्ष झाली, तिनं एक शब्द कमी सांगितला नाही की एक शब्द जास्त नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पाणी प्या, तोंड सुकलंय," आणि गेली. मग एक दिवस कळलं, तिघं टांझानियाला पोचले.

तिकडून जोसेफनं एक व्हिडिओ पाठवला. पत्र्याचं छप्पर असलेली मोठी खोली, खिडक्यांबाहेर केळी. आपल्यापेक्षा उंच, पण केळीच. लोक बाकांवर, खाली, दारात. भिंतीवर पांढरी चादर आणि चादरीवर मी. माझं बोलणं चाललेलं, मागून जोसेफ त्यांच्या भाषेत सांगतोय. मग कमल मला मारायला लागते. मला वाटलं होतं, हसतील. एक माणूस हसला नाही. एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

प्रज्ञा बाजूला भिंतीला टेकून उभी. तिसऱ्या बाकावर एक मध्यम वयाचा माणूस, ड्रायव्हरचं जाकीट घातलेला. कमल मातीत बसते तेव्हा कुठं जोसेफ माझं शेवटचं बोलणं सांगतो, राहू दे दादा, तसा तो उठतो. शेजारी दोन माणसं पाय आखडून त्याला वाट देतात. तो कुणाकडे बघत नाही, दारातून बाहेर जातो, केळीत.

तो का उठला हे मला कुणी समजावून सांगायला नको.

प्रज्ञाच्या ते लक्षात येतं. ती भिंत सोडते, लोकांच्या पायांवरून उड्या टाकत दाराकडे धावते. कुणाचा तरी पाय तुडवते, तो ओरडतो, ती वळतही नाही. दारात तिची पाठ दिसते आणि मग बाहेरचं ऊन. व्हिडिओ तिथून पुढं दोन मिनिटं आहे. ती परत येत नाही.